पाळकसाहेब समुपदेशक झाले, पाळकीणबाईंचं काय?

अक्का, ख्रिस्तात सलाम.

माझे मिस्टर 19 वर्षं पाळक होते. मराठवाड्यात पाच ठिकाणी बदल्या झाल्या. पाच पार्सनेज, म्हणजे पाळकाला मिळणारी घरं, मी लावली आणि पाचही आवरली. त्यांच्या हातून लागलेल्या दोन लग्नांचं पुढे फार वाईट झालं, तेव्हापासून त्यांचं उपदेशात मन लागेना. दूरशिक्षणातून समुपदेशनाचा अभ्यास केला, परीक्षा दिल्या आणि चार वर्षांपूर्वी पाळकपण सोडलं. आता जालना जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी खोली भाड्याने घेऊन नवरा-बायकोची, सासू-सुनांची, बाप-लेकांची भांडणं ऐकतात. सगळ्या जातीधर्माची माणसं येतात.

ते पाळक होते तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या कुठल्या घरात काय चाललंय ते मला आधी कळायचं. बाया पहिल्यांदा माझ्या ओट्याशी यायच्या, मग साहेबांकडे जायच्या. आता ते एक अक्षर सांगत नाहीत. कोण आलं होतं विचारलं तर ‘एक जण’ म्हणतात. जुन्या मंडळीतल्या बाया बाजारात गाठून विचारतात, ‘अमकीच्या सुनेचं काय ठरलं?’ मला माहीत नसतं. त्यांना वाटतं, पाळकीणबाईला गर्व झाला.

घरी मी भांडण काढलं तर हे भांडतही नाहीत. मान हलवून, हळू आवाजात, ‘तुला नेमकं कशाचं वाईट वाटतंय?’ म्हणतात. माझं डोकं उठतं.

दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, जुन्या मंडळीतली एक पोरगी रात्री घरी आली. साहेब बाहेर होते. तिच्या अंगावर वळ. म्हणाली, ‘पाळकीणबाई, औंदा मला नवऱ्यासंगं कोयत्यावर नाही जायचं.’ उचल घेतलेली; ती गेली नाही तर मुकादम बापाच्या दारात बसणार. मी म्हणाले, एवढा हंगाम काढ, प्रार्थना कर, उन्हाळ्यात बघू. तेवढ्यात हे आले. तिच्यादेखत माझ्यावर चिडले. तिला म्हणाले, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कर. आमची बोलाचाली झाली आणि ती कधी उठून गेली ते कळलंच नाही.

मंडळीत म्हणतात, पाळक होते तेव्हा घरं जोडायचे, आता तोडायला लागले, देवाचं काम सोडून दुकान टाकलं. पैसाही नाही. आधी पगार थोडा होता, पण घर होतं, लाइटबिल नव्हतं. आता कुणी फी देतं, कुणी ज्वारी आणून टाकतं, कुणी ‘देव तुमचं भलं करो’ म्हणून उठतं.

अक्का, मी चुकले का? आणि सगळ्या तालुक्याची घरं ह्यांच्यापुढे बसतात, आमच्या घरासाठी आम्ही कुणापुढे बसायचं?

– एक माजी पाळकीणबाई

*

पाळकीणबाई, सलाम.

माजी आमदार असतात, माजी सरपंच असतात, माजी चेअरमन तर आपल्याकडे गल्लीत एक सापडतो. माजी पाळकीणबाई मी पहिल्यांदाच वाचली, आणि तुमचं पत्र मला त्या सहीपासून उलटं वाचावंसं वाटलं. तुमच्या मिस्टरांनी काम सोडलं. त्यांनी विचार केला, अभ्यास केला, राजीनामा लिहिला, चार लोकांनी समजूत घातली, निरोपाचा हार घातला. तुमचंही काम त्याच दिवशी सुटलं. तुम्ही राजीनामा दिला नाही, तुम्हाला कुणी विचारलं नाही, हारही आला असेल तर साहेबांच्या शेजारी उभ्या होतात म्हणून. त्या कामाला पगार नव्हता, म्हणून ते काम होतं हेच कुणाला सुचलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही सुचलेलं नाही. तुम्ही लिहिलंय, ‘ते सांगत नाहीत’. त्यांनी सांगितलं असतं तरी तुमचं पोट भरलं नसतं, कारण तुमच्याकडून बातमी गेलेली नाही, जागा गेली आहे.

ती जागा काय होती ते मी जालना-बीडकडे जवळून पाहिलं आहे. मी ख्रिस्ती नाही, पण कौटुंबिक तंट्यांच्या केंद्रात बसत होते तेव्हा कितीतरी बायका आमच्याकडे यायच्या आधी एखाद्या पाळकीणबाईकडे जाऊन आलेल्या असत. रविवारची शाळा, महिला मंडळ, प्रभुभोजनाच्या कापडांची इस्त्री, मयताच्या घरी पहिल्या दिवशीची भाकरी, अडलेल्या बाईला मिशनच्या दवाखान्यात नेणं, नाताळात आलेल्या-गेलेल्यांचं खाणं. आणि हे सगळं करता करता ऐकणं. पाळकाला लोक विचारतात ते चारचौघांत विचारण्याजोगं असतं. खरं काय ते ओट्याशी निघतं.

आपल्या भागात ही पद्धत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा तिथे राहायला आलेल्या घरांना नुसता उपदेश करून भागणार नव्हतं. अशा वस्त्यांतला पाळक हा मास्तर, पंच, अर्ज लिहून देणारा, दवाखान्याची चिठ्ठी देणारा, सगळंच असायचा. घरात भांडण झालं की पाळकाला बोलवा. नवऱ्याला दोन शब्द सुनवा, बायकोला दोन समजावा, प्रार्थना करा, चहा घ्या, मिटलं.

मिटवणं हाच त्या कामाचा अर्थ होण्याला कायद्याचाही हातभार होता. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं; बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं असं दुहेरी काहीतरी सिद्ध करावं लागे. नवरा नुसता मारतो, एवढ्यावर ख्रिस्ती बाईला सुटका नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद 1997 साली घटनेविरुद्ध ठरवला, संसदेने 2001 साली कायदा बदलला, आणि तेव्हा छळ हे स्वतंत्र कारण झालं; दोघांच्या संमतीने वेगळं होण्याची वाटही तेव्हाच आली. त्याआधीच्या सव्वाशे वर्षांत पाळकाने बाईला सांगायचं तरी काय? दुसरं दारच नव्हतं. ‘सहन कर, प्रार्थना कर’ हे तुम्ही त्या रात्री म्हणालात, ते तुमच्या एकटीचं बोलणं नव्हतं. तुमच्या आधीच्या कितीतरी पाळकीणबायांनी तेच सांगितलं, आणि त्यांच्यापाशी खरोखरच दुसरं काही नव्हतं.

तुमच्यापाशी मात्र आहे. म्हणून त्या मुलीबद्दल मी स्पष्ट लिहिते: हो, तुम्ही चुकलात. पण साहेबही चुकले, आणि माझ्या मते त्यांची चूक जास्त मोठी आहे, कारण ते शिकलेले आहेत.

तुमचा हिशेब खोटा नव्हता. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती त्या जोडीला. बायको गेली नाही तर कोयता मोडतो, घेतलेले पैसे अंगावर येतात, आणि ते बहुतेक वेळा लग्नात, दवाखान्यात किंवा जुनं देणं फेडण्यात आधीच संपलेले असतात. त्यामुळे बीड-जालन्याकडे दिवाळीच्या सुमाराला जी बाई ‘मला नांदायचं नाही’ म्हणते, ती एका वाक्यात नवरा, सासर, बाप आणि मुकादम अशा चौघांशी भांडण घेते. हे ज्याला कळत नाही त्याने इकडे समुपदेशनाची खोली उघडू नये. तुम्हाला ते एका क्षणात कळलं. उचलीपोटी माणसाला सक्तीने कामाला जुंपणं 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे खरं; पण मुकादम दारात बसतो तेव्हा बापाला कायदा दिसत नाही, हेही खरं.

फक्त ती मुलगी तुमच्याकडे उचलीचा हिशेब विचारायला आली नव्हती. तो तिला पाठ होता. ती वळ दाखवायला आली होती. अशा वेळी पहिला प्रश्न एकच: आज रात्री तू घरी गेलीस तर काय होईल? त्यानं कधी गळा दाबला आहे का? जाळून टाकीन, कापून टाकीन म्हणाला आहे का? तुला दिवस गेलेत का? दारू पिऊन मारतो की शुद्धीत मारतो, हे लोक फार विचारतात. तेवढ्यावरून धोका कळत नाही. गळ्याला हात लागला असेल तर मात्र ‘हंगाम काढ’ म्हणायला वेळच नाही. पुढे होणाऱ्या जिवावरच्या प्रकारांची ती फार ठळक खूण असते. आणि ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, तर ती माहेरापासून लांब असते. तिथे धावून येणारं तिच्या माहेरचं कुणी जवळ नसतं.

आता साहेब. ‘संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कर’ हे वाक्य बरोबर आहे. तो अधिकारी ज्या कायद्याखाली नेमतात, त्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला घटस्फोट न घेताही त्याच घरात राहण्याचा हक्क, मारहाण थांबवण्याचा आदेश, खर्चाला पैसे, हे सगळं मागता येतं. पण रात्रीच्या वेळी, वळ उठलेल्या पोरीला, बायकोवर चिडता चिडता हे सांगणं म्हणजे सल्ला नव्हे. जुना पाळक तिला ‘नांद’ म्हणून हुकूम द्यायचा, हा नवा समुपदेशक तिला ‘अर्ज कर’ म्हणून हुकूम देतो. तिला काय हवंय हे तुमच्या घरात त्या रात्री कुणीच विचारलं नाही. तिच्या जिवाचा प्रश्न बाजूला राहिला आणि तुम्हा दोघांचा चार वर्षांचा तंटा तिच्यासमोर मांडला गेला. दोन मोठी माणसं आपल्यावरून भांडताना बघून ती उठून गेली. घरी तेच बघून आली होती बिचारी.

मंडळी म्हणते तोडतात. यावर तुम्ही साहेबांची बाजू घ्यायला हवी, नवरा म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून. ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे वचन लग्नात वाचतात तेव्हा समोर दोघं उभे असतात. मारणाऱ्यालाही ते लागू आहे. पण मंडळी ते नेहमी निघून जाणारीलाच वाचून दाखवते. 2005 च्या कायद्याखालचे जे नियम 2006 साली आले, त्यांत समुपदेशकाने कसं बसावं हेही लिहिलेलं आहे. मारहाण करणाऱ्याला त्या बैठकीत ‘मी मारलं, पण तिनं असं केलं म्हणून’ अशी सफाई देता येत नाही. तडजोडीकडे जायचं ते बाईची इच्छा असेल तरच. आणि त्या भांडणाशी ज्याचा संबंध आहे किंवा जो कुणा एकाच्या नात्यातला आहे, त्याला सहसा समुपदेशक म्हणून नेमता येत नाही. जुन्या पाळकी पद्धतीच्या बरोबर उलट आहे हे सगळं. तिथे पाळक दोन्ही घरांचा, लग्न त्यानेच लावलेलं, आणि लग्न टिकलं तर त्याचीही लाज राहणार. तुमच्या साहेबांच्या दोन लग्नांचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही आणि मी विचारत नाही. पण तो माणूस उपदेश सोडून पुन्हा विद्यार्थी का झाला, याचं उत्तर मला त्यात दिसतं. मंडळीला उत्तर द्यायचं असेल तर हे द्या.

एक मात्र त्यांना सांगा: तो शेवटचा नियम त्यांनी स्वतःलाही लावावा. जुन्या मंडळीतली, स्वतः लग्न लावलेली जोडपी त्यांनी घेऊच नयेत. दुसऱ्याकडे पाठवावीत. कालपर्यंत ज्याच्यापुढे गुडघे टेकले त्याच्यापुढे आज माणूस खरं बोलत नाही, आणि ज्याला आशीर्वाद दिला त्याला ‘तुझं मोडलंय’ असं म्हणताना पाळकाची जीभ जड होते. आणि रात्री घरी आलेल्यांचं घरी ऐकू नये. जिवावर बेतलं असेल तेवढंच अपवाद. नाहीतर खोलीचं भाडं कशाला भरताय?

‘दुकान टाकलं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की ही वाट पाळकांनीच पाडलेली आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार आहे, तुमच्याकडून कितीतरी पोरं तिथे शिकून आली असतील. त्या संस्थेची सुरुवात 1936 साली मुंबईत झाली आणि पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते. पुढे 1984 साली त्याच संस्थेने मुंबईत पोलिसांच्या सोबत बायका-मुलांसाठी विशेष कक्ष काढला. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं ऐकायला पोलिसांच्या आवारातच शिकलेलं माणूस बसू लागलं ते तिथून. देवाचं काम कुठपर्यंत आणि दुकान कुठून, याची रेघ मारणं माझं काम नाही. मंडळीचंही नसावं.

आता गप्प राहण्याबद्दल. इथे ते पूर्ण बरोबर आहेत आणि तुम्ही हट्ट सोडायला हवा. वकिलाला अशिलाचं बोलणं झाकून ठेवायला आपला पुरावा कायदा जसं संरक्षण देतो, तसं तो ना पाळकाला देतो ना समुपदेशकाला. त्यांच्या हातात उरतं ते एवढंच: कुठेच न बोलणं. तालुक्याचं गाव आहे. कुणाची चप्पल दाराबाहेर आहे यावरून लोक कथा रचतात. तिथे समुपदेशकाची बायको जाणकार आहे अशी नुसती शंका आली तरी खोली ओस पडेल. शिवाय तुमचं न कळणं हे तुमचं कवच आहे. उद्या एखादीचा दीर दारू पिऊन तुमच्या दारात आला, ‘काय सांगितलं तिनं?’ म्हणाला, तर तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. बाजारात बाई विचारेल तेव्हा मोठ्यांदा सांगा, ‘त्यांच्या खोलीतलं मला ठाऊक नसतं आणि मी विचारतही नाही. उद्या तू गेलीस तर तुझंही विचारणार नाही.’ चार जणींना ऐकू जाऊ द्या. गर्वाचा आरोप महिनाभरात गळून पडेल, आणि त्यातल्याच एखादीला धीर येऊन ती खोलीची पायरी चढेल.

काही गोष्टी मात्र त्यांनाही झाकता येत नाहीत. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तरी गप्प बसता येत नाही. हे ते पहिल्या भेटीतच लोकांना सांगत असतील अशी आशा आहे. नसतील तर सुरू करा म्हणावं.

पण लोकांचं न सांगणं वेगळं आणि स्वतःचं न सांगणं वेगळं. ‘आज फार जड गेला दिवस’, ‘आज मला राग आलाय, तुझ्यावर नाही’, ‘दोन दिवस रात्री दार वाजलं तर मला उठव, तू उघडू नकोस’, यात कुणाचं गुपित फुटत नाही. बायकोला एवढं कळायचा हक्क आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, ते तेही सांगत नाहीत, आणि बहुधा कुणालाच सांगत नाहीत. पाळक होते तेव्हा त्यांना वर कुणीतरी ज्येष्ठ होतं, सभा होत्या, सोबतचे पाळक होते. आता ते एका खोलीत एकटे आहेत. त्यांना सरळ विचारा, ‘तुमचं ऐकणारं कुणी आहे का?’ या कामात पडलेल्या माणसाने आपल्याहून अनुभवी समुपदेशकापुढे ठरावीक दिवशी बसायचं असतं, नाव-गाव न सांगता आपण काय केलं ते मांडायचं असतं. आता ते फोनवरही जमतं. ते करत नसतील तर त्यांचा सगळा भार तुमच्या घरात साचतोय, फक्त मुक्याने.

आणि तो हळू आवाज! वाचताना मला हसू आलं, माफ करा. घरोघरी हाच तमाशा आहे: वकिलाची बायको म्हणते हे घरात उलटतपासणी घेतात, मास्तरची म्हणते हे घरात तास घेतात. ‘तुला नेमकं कशाचं वाईट वाटतंय?’ हे अनोळखी बाईला विचारलं तर तिला बरं वाटतं, कारण विचारणारा तिचा कुणी नाही. नवरा विचारतो तेव्हा तो भांडणातून उठून पंचाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि बायको एकटी भांडणात उरते. त्यांना सांगा, ‘साहेब, एकतर माझ्याकडून फी घ्या, नाहीतर माझ्याशी नीट भांडा.’ समुपदेशकाने घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नसतं हे त्यांच्या अभ्यासात होतं. त्यांना आठवेल.

पैशाची गोष्ट मी लवकर आटपते, कारण ती जितकी बोलावी तितकी लाज वाटण्याची सवय पाळकांच्या घरात असते. लोकांच्या गोष्टी गुप्त आहेत, घरचा हिशेब नाही. महिन्याला किती आले, भाडं किती गेलं, हे तुम्हाला कळलंच पाहिजे. खोलीबाहेर पाटीवर फी लिहा. ज्याला जमत नाही त्याने आधी सांगावं आणि अर्धी द्यावी. दानपेटीची सवय असलेल्या माणसाला फी मागताना संकोच होतो, पण फी न दिलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही, उपकार वाटतात त्याला. ज्वारी आली तर ठेवून घ्या, परत करू नका, पण ती फी नव्हे. एखादी शाळा, एखादा दवाखाना यांच्याकडे आठवड्यातले ठरावीक दिवस धरले तर भाड्यापुरती तरी खात्री होईल.

तुमच्या जागेकडे परत येते. लंडनमध्ये 1953 साली चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूंनी आपल्या चर्चमधल्या फोनचा नंबर दिला आणि जीव द्यायचा विचार मनात येणाऱ्यांनी मला फोन करा, भेटा असं जाहीर केलं. लोक इतके आले की बाहेर बसून राहू लागले. त्यांना चहा देण्यासाठी, सोबत बसण्यासाठी मंडळीतली साधी माणसं मदतीला आली. थोड्याच काळात व्हारांच्या लक्षात आलं की बरेच लोक त्या चहावाल्यांशीच बोलून हलके होतात आणि आपल्याला न भेटताच जातात. मग त्यांनी ऐकण्याचं काम त्यांच्याच हाती सोपवलं. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. मला या हकिकतीत पाळकीणबाया दिसतात. तुम्ही 19 वर्षं ओट्याशी उभं राहून जे केलं ते हेच होतं, फक्त त्याच्याबरोबर आयता सल्ला देण्याची सवय लागली. ऐकणं तुम्हाला येतं. सल्ला आवरणं शिकावं लागेल.

साहेबांच्या खोलीत तुम्ही बसू नका, ते दोघांनाही महागात पडेल. तुमची वेगळी जागा शोधा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गावोगावी विधी स्वयंसेवक तयार करतं. त्यांना प्रशिक्षण मिळतं, कामाच्या दिवसांचं थोडं मानधनही मिळतं. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही, हे सांगणारं माणूस तुमच्या तालुक्यात हवंच आहे. कोयता, उचल, मुकादम हे जिला समजावून सांगावं लागत नाही अशी बाई तर फारच हवी. जालन्याला न्यायालयात जाऊन चौकशी करा. एकट्या जा.

आणि तुमच्या दोघांचं. तुम्ही विचारलं, कुणापुढे बसायचं? ओळखीच्या पाळकापुढे नको, साहेबांसोबत शिकलेल्यापुढे नको, माझ्यापुढेही नको. छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला, तुम्हा दोघांना न ओळखणारा समुपदेशक शोधा, जमलं तर बाई असू दे. साहेब म्हणतील, मला कशाला, मी हेच काम करतो. त्यावर वाद घालू नका, तारीख घ्या. पहिल्या दिवशी ते गप्प का असतात यापासून सुरुवात करू नका. त्यांच्या राजीनाम्याच्या दिवशी तुमचं काय गेलं, ते सांगा. ते त्यांनी अजून ऐकलेलं नाही, असा माझा अंदाज आहे.

रविवारी कुठे जायचं वगैरे पुढे बघता येईल. आधी त्या मुलीचं बघा. ती टोळीबरोबर गेली की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेली असेल तर आत्ता कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर असेल आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परत येणार नाही. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन करू नका, निरोप तर अजिबात लिहून पाठवू नका. तो त्याच्या हातात पडेल. तिच्या आईला गाठा, तिच्या ओट्याशी बसा. पोरगी फोनवर बोलते का, कुणाच्या फोनवरून बोलते, बोलताना शेजारी कोण असतं, एवढं विचारा. मग आईकडून पोरीच्या कानावर तीन गोष्टी जाऊ द्या: 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर कुठूनही लागतो, 112 लावला तर पोलीस येतात, आणि ती मधूनच निघून आली तर उचलीचं बोलायला बापासोबत तुम्ही आणि विधी सेवेचा वकील उभे राहाल. हे शेवटचं वचन देण्याआधी वकिलाला भेटून या. ती तळावरून निघायला तयार असेल तर जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला आधी कळवून ठेवा, तिथे तिला तात्पुरतं राहता येतं. साहेबांना हे सगळं सांगा, पण जुन्या मंडळीतली आहे म्हणून तिला खोलीत त्यांच्यापुढे बसवू नका. आणि काय झालं ते मला कळवा, सही काय करायची ती करा.

– अक्का